विद्यार्थ्यास आधार कशाचा?

मुलामुलींना परगांवच्या महाविद्यालयांत धाडतांना आपण वसतिगृह, खानावळ व शिष्यवृत्ति यांची चौकशी करतों. ती रास्तच आहे. परंतु नवख्या विद्यार्थ्याचें एकटेपण तेवढ्यानें जात नाहीं. ह्या बाबतींत वर्ध्याजवळील सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय पाहण्याजोगें आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हें त्याचें नांव, डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं तें स्थापिलें.

तेथें नव्या तुकडीचे पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमांत जातात. प्रार्थना, सूतकताई, झाडलोट असा तो क्रम. शहरी आईबापांना ह्यांत अभ्यासाची खोटी दिसते. मला तसें वाटत नाहीं. एकत्र केर काढणाऱ्या मुलांची गट्टी लवकर जमते, हें कोणाही शिक्षकास ठाऊक असतें; कोणाचे वडील कोण, हा प्रश्न तेथें मागें पडतो.

पुढें ही तुकडी एका खेड्यांत शिबिरास राहते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे कांहीं कुटुंबें सोंपविलेलीं असतात. त्यांचें खाणेंपिणें, पाणी, लहानमोठीं दुखणीं तो टिपून घेतो आणि शिबिर संपल्यावरही त्यांच्या घरीं जात राहतो. औषधोपचाराचा अधिकार त्याला अद्याप नसतो. पण गरोदर बाई तपासणीस कां आली नाहीं, मजुरी बुडते म्हणून कीं धाकटें मूल सांभाळावयास कोणी नाहीं म्हणून, हें तिच्या ओसरीवर बसल्यावर त्याला कळतें.