खासगी वैमानिकाचे परवान्यानंतरचे शिक्षण

स्वतःच्या मालकीचे विमान स्वतःच चालविणारा वैमानिक हा प्रौढशिक्षणाच्या दृष्टीने एक विलक्षण विद्यार्थी होय. विमान कंपनीतील वैमानिकाची ठराविक मुदतीने परीक्षा होते, त्याच्या शेजारी दुसरा वैमानिक असतो आणि कोणत्या हवेत उड्डाण करू नये याविषयी कंपनीचे नियम असतात. मालक-वैमानिकाच्या ठायी मात्र धनी, चालक व परीक्षक या तिन्ही भूमिका बहुधा एकवटलेल्या असतात. परवाना हा एका विशिष्ट दिवशीच्या कौशल्याचा दाखला असतो. ते कौशल्य पुढे टिकले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हाताची सवय मोडली तर ती वैमानिकाची त्यालाच जाणवते. जे मुळात अनुभवासच आले नाही, त्याची उणीव जाणवत नाही. आणि अधिक धोका तिचाच. मराठवाड्यातील उन्हाळ्याचे उदाहरण घ्यावे. लातूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तेथे 40 अंश तापमान असताना हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी सुमारे 1,700 मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर, असल्यासारखी ठरते. गोदाकाठचे नांदेड लातूरहून बरेच सखल. तरीही 42 अंशांना तेथील हिशेब 1,450 मीटरांच्या आसपास जातो. अशा हवेत साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती सुमारे सहाव्या हिश्शाने घटते, पंखांना उचल मिळण्यास अधिक वेग लागतो आणि धाव दीडपटीच्या घरात जाते. समुद्रालगतच्या जुहूसारख्या तळावर हिवाळ्यात शिकलेल्या वैमानिकाने हे पुस्तकात वाचलेले असते, परीक्षेत लिहिलेलेही असते. परंतु चार माणसे व भरलेली टाकी घेऊन दुपारी दोन वाजता धावपट्टीच्या टोकाशी उभे असताना ते आठवावे, यासाठी केवळ वाचन पुरत नाही. तेथे वारंवार उतरणाऱ्या कोणाशी तरी त्याचे बोलणे झालेले असावे लागते.

वैमानिकांमधील हा परस्परव्यवहार भारतीय खासगी विमानविद्येइतकाच जुना आहे. मुंबई फ्लाइंग क्लब 1928 साली निघाला; 1929 च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे एकट्याने निघाले. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअर स्पार्क प्लगवाचून अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचे दिले. पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले. हा प्रसंग सामान्यतः औदार्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण रिकाम्या तळावर एकट्या वैमानिकाला दुसरा वैमानिकच उपयोगी पडतो, हेही त्यातून दिसते.

अमेरिकेत या व्यवहाराला नियमांची व संस्थांची जोड मिळाली. तेथे दर 24 महिन्यांनी खासगी वैमानिकाला प्रशिक्षकासमवेत किमान एक तास जमिनीवर व एक तास हवेत उजळणी करावी लागते. हिच्यात नापास होणे नाही. प्रशिक्षकाचे समाधान होईपर्यंत पुन्हा सराव करावयाचा. प्रौढ विद्यार्थ्याचा मान राखणारी ही योजना आपल्याकडील अभ्यासकांनी अवश्य पाहावी. 1976 पासून नासा ही संस्था वैमानिकांच्या चुकांची गोपनीय निवेदने स्वीकारते. परवाना देणाऱ्या खात्यापासून ती अलग असल्याने चूक सांगण्याचे भय कमी होते, आणि एकाची चूक नाव गाळून सर्वांच्या वाचनात येते.

गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त 2008 साली नांदेडच्या विमानतळाचा विस्तार झाला, आणि 2009 मध्ये नांदेड व लातूर हे दोन्ही तळ इतर काही तळांसह दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेले. त्या वेळी विचार झाला तो मुख्यतः प्रवासी वाहतुकीचा, आणि ते स्वाभाविक होते. येथे उतरणाऱ्या मालक-वैमानिकांच्या शिक्षणाला मात्र नवी इमारत लागणार नाही. मार्च महिन्यात, उन्हाळा कडक होण्यापूर्वी, एक दिवस जमावे. प्रत्येकाने आपल्या विमानाचे धावेचे कोष्टक सोबत आणावे आणि त्यात लातूरची उंची व 40 अंश घालून निघणारा आकडा इतरांसमक्ष वाचून दाखवावा.