ट्रॅक्टरची नाडीपरीक्षा

बैल आजारी पडला की घरातल्या लहान पोरालाही कळते. तो वैरणीला तोंड लावीत नाही, कान पाडतो, डोळे ओलावतात. ट्रॅक्टरचे तसे नाही. तो आदल्या दिवशी हत्तीसारखा चालतो आणि दुसऱ्या दिवशी भर तासात पाय रोवून उभा राहतो. मग एक म्हणतो, 'पंप गेला'; दुसरा म्हणतो, 'नोझल गेले'; आणि ज्याच्या खिशातून पैसे जायचे असतात तो मनात म्हणतो, 'दिवाळी गेली!'

शहरातल्या वाचकांना वाटेल, या चिखलातल्या यंत्राशी आम्हांला काय कर्तव्य? पण आपल्या फराळाच्या ताटातले बेसनाचे लाडू कुठल्या तरी वावरातूनच येतात. सोयाबीन निघाले की जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरावा लागतो. ओल कुणासाठी थांबत नाही. अशा आठ-दहा दिवसांत ट्रॅक्टर रुसला तर पुढच्या वर्षाचा हिशेब चुकतो.

वर्धा जिल्ह्यातले समुद्रपूर हे आमच्या थोरल्या वहिनींचे गाव. नावात समुद्र आहे, पण खरा समुद्र शेकडो मैल दूर. येथे समुद्र आहे तो काळ्या मातीचा. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर जाम लागते, तेथून आत वळायचे. कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचा हा मुलूख. ही काळी माती मोठी मानी आहे. ओली असताना पायाला सोडत नाही आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते. तिच्यात नांगर ओढणे म्हणजे इंजिनाची खरी कसोटी.

याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत असत. बैल जमिनीला खतही देतो, ट्रॅक्टर देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आजही खोटा ठरलेला नाही. पण दादा गेल्यावर वहिनींना सालदार मिळेना, बैलजोडी सांभाळवेना. दादांनी घेतलेला जुना डिझेल ट्रॅक्टर मात्र दारात उभा होता. त्याच्यावरच घर चालत होते.

गेल्या आश्विनात मी तेथे गेलो तेव्हा ट्रॅक्टरचे दुखणे असे होते : सकाळी एका दमात सुरू होई. वावरात गेला की अर्धा तास उत्तम चाले. मग हळूहळू दम तुटे, आवाज बसे आणि इंजिन बंद पडे. वीस-पंचवीस मिनिटे झाडाखाली विसावला की पुन्हा सुरू! एका गॅरेजवाल्याने निदान केले, "पंप झिजला. तीस-चाळीस हजारांची तयारी ठेवा." वहिनींनी पाटल्या काढून डब्यात ठेवल्या होत्या. ट्रॅक्टर भंगारात द्यावा, की पाटल्या मोडाव्यात, एवढाच प्रश्न उरला होता.

गॅरेजवाल्याचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. त्यासाठी हे इंजिन चालते कसे ते पाहिले पाहिजे. मोटारीच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेल इंजिनात लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल तव्याहून प्रखर होते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडताच भडका होतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरचे हे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. पुढे १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून बिचारा रात्रीतून नाहीसा झाला. त्याचे नाव मात्र खेडोपाडी प्रत्येक पंपावर उरले.

सारी मेख त्या फवाऱ्यात आहे. टाकीतले डिझेल आधी गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, मोठ्या पंपाकडे जाते. हा पंप प्रत्येक चौरस इंचावर दोन हजार पौंडांहून अधिक दाब देऊन ते नोझलकडे ढकलतो. एवढा दाब टिकावा म्हणून पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढीच फट ठेवलेली असते. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड! म्हणूनच धूळ आणि पाणी हे या यंत्राचे जन्माचे वैरी. पंप झिजला की गरम झालेले पातळ डिझेल त्या फटीतून निसटते आणि तापलेले इंजिन सुरू होत नाही; थंड झाल्यावर होते. लक्षण जुळत होते. पण एकच लक्षण दोन रोगांचे असू शकते, हे डॉक्टरांकडे खेपा घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते.

हिंगणघाटच्या बाजूने एक म्हातारे मिस्त्री आले. गावातले सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी पान्याला हातही लावला नाही. आधी विचारले, "कवापासून होते असं?"

"नांगरणीले लावला तवापासून," पुतण्या म्हणाला.

"त्याच्या आंधी काय बदललं?"

"काईच नाही जी."

मामांनी धूर पाहिला. धूर म्हणजे इंजिनाची जीभ! काळा धूर आला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी; हवेची जाळी तुंबली असेल, ओझे अति असेल किंवा नोझल फवारा न मारता थेंब गाळीत असेल. पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, किंवा त्यात पाणी आहे. निळा आला तर इंजिनाचे ऑइल जळते आहे आणि खर्च मोठा आहे. येथे तिन्हींपैकी एकही नव्हता. मग त्यांनी टाकीपासून पंपापर्यंत पाइपावरून बोट फिरवले. एका सांध्याशी तांब्याच्या वायसरजवळ धूळ ओली होऊन चिकटली होती. "हे एक," म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

मग ट्रॅक्टर वावरात नेला. अर्ध्या तासाने तो नेमाप्रमाणे बंद पडला. इंजिन हात लावू देत नव्हते. मामा सावकाश चढले आणि टाकीचे झाकण फिरवले. 'सुस्सऽऽ' करून हवा आत शिरली. मग त्यांनी फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल केला व हातपंप मारू लागले. आधी साबणासारखा फेस आला, मग बुडबुडे, मग निर्मळ डिझेल. स्क्रू कसला, चावी फिरवली आणि तेच तापलेले इंजिन तत्काळ धडधडू लागले!

येथेच निकाल लागला. पंप झिजलेला असता तर झाकण उघडून त्याला काय गुण येणार होता? गरम इंजिन गरमच होते, तरी ते सुरू झाले. दोष पंपाच्या अलीकडचा होता.

मी नागपूरला शाळेत शास्त्र शिकवीत असे. मला गोडेतेलाचा डबा आठवला. त्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत येते आणि थांबते. समोर दुसरे भोक पाडले की धार लागते. डिझेल खाली गेले तर त्याच्या जागी हवा यायला हवी. त्यासाठी टाकीच्या झाकणाला बारीक भोक असते. ते बुजले की आत पोकळी होते, डिझेल ओढले जात नाही, आणि एरवी बाहेर पाझरणारा सैल सांधा उलट हवा आत ओढू लागतो. थोडा वेळ थांबले की हवा कशीबशी झिरपते. म्हणून विसाव्याचा गुण!

वहिनी धुऱ्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, हे झाकण पोळ्याले आणलं. जुनं हरपलं होतं." नव्या झाकणाला भोक नव्हतेच, शिवाय धूळ जाऊ नये म्हणून पुतण्याने ट्यूबचे रबर कापून आतून घट्ट बसवले होते. पोळ्यानंतर महिनाभर ट्रॅक्टर गावापुरताच फिरला, म्हणून कळले नाही. नांगराला जुंपल्यावर डिझेलची भूक वाढली आणि रोग उघडा पडला.

उपाय दोन : हवेची सोय असलेले योग्य झाकण आणि नवे तांब्याचे वायसर. मामांनी झाकणाला खिळ्याने भोक पाडू दिले नाही. त्यातून धूळ-पाऊस आत जाईल म्हणाले. नवे झाकण येईपर्यंत जुने अर्धा आटा सैल ठेवून नांगरणी चालू झाली.

जाताना त्यांनी पुतण्याला चार गोष्टी बजावल्या. टाकी संध्याकाळी भरून ठेवायची, कारण अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते आणि पाणी तळाशी बसते. गाळणीखालचे पाणी नेमाने सोडायचे. डिझेल नेहमी स्वच्छ डब्यातून, जाळी लावून ओतायचे. आणि चालू इंजिनाच्या नोझलचा फवारा कधीही हाताने अजमावायचा नाही. तो कातडी फोडून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. तसे झाले तर घरगुती उपाय न करता थेट इस्पितळ गाठायचे.

पाचव्या दिवशी हरभरा पेरून झाला. मामांनी मजुरी सांगितली ती इतकी थोडी होती की वहिनींनी सोबत चार पायल्या तूर बांधून दिली. पाटल्या डब्यातून निघाल्या त्या हातातच गेल्या. पुतण्याने एक वही घातली आहे : कोणत्या तारखेला काय बदलले, ते तीत लिहितो. पहिल्याच पानावर पहिलीच नोंद आहे, 'टाकीचे झाकण'.