दुःखी झाडाखालची लुंगी

नागपूरच्या प्रताप नगरात सकाळी फिरायला निघणाऱ्या बऱ्याच मंडळींच्या खिशात घडी घातलेली कॅरीबॅग असते. जास्वंद असो, तगर असो, कंपाउंडबाहेर फांदी आली की ती सार्वजनिक, असा इथला अलिखित कायदा. या मंडळींशी आईचं वर्षानुवर्षांचं भांडण. बाबा मे महिन्यात गेले. त्या वर्षी भाद्रपदात तीच आई फाटकाशी उभी राहून एका बाईंना म्हणत होती, "वरचे काहून तोडता बाई, खाली पडलेले घ्या न!"

झाड पारिजातकाचं, बाबांनी लावलेलं. नागपूरच्या उन्हाळ्यात पानं झडून त्याचा खराटा होतो. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बाबा त्यालाच घालायचे. आता आई रात्री त्याखाली बाबांची जुनी पांढरी लुंगी अंथरते आणि पहाटे चार कोपरे धरून उचलते. मी खोलात शिरून विचारलं, तर म्हणाली, "फरशीवर मळतात न."

या झाडाचं शास्त्रीय नाव निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस. लिनियसने 1753 मध्ये ते छापलं. निक्टँथिस म्हणजे रात्री फुलणारं, आणि आर्बोर ट्रिस्टिस म्हणजे दुःखी झाड! अंगण फुलांनी भरून टाकणाऱ्या झाडाला हे नाव का, याचा धागा गोव्यात सापडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करायचा. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या ग्रंथात या 'दुःखी झाडा'वर एक अख्खा संवाद आहे. त्यात त्याने इथली एक कथा नोंदवली: एका सरदाराच्या मुलीचं सूर्यावर प्रेम जडलं, सूर्याने तिला टाकलं, तिने जीव दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड पाहत नाहीत. (पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली, 1580 मध्ये. त्या राखेची कथा कोणी सांगत नाही.) सत्यभामेच्या अंगणातलं झाड नि रुक्मिणीच्या अंगणात पडणारी फुलं, ही गोष्ट तर आपण आजीकडूनच ऐकलेली.

एक फूल उचलून उलटं धरा. केशरी देठ आरपार पोकळ दिसेल; लहान मुलींना सुईशिवाय त्यात दोरा ओवता येतो तो त्यामुळेच. हा देठ खरं तर देठ नव्हेच, पाकळ्या खाली जुळून झालेली नळी आहे. पुंकेसर तिलाच आतून चिकटलेले, म्हणून तेही फुलाबरोबर खाली येतात. बीजकोश मात्र खाली येत नाही. तो फांदीवरच आपल्या हिरव्या वाटीत बसून राहतो आणि पुढे त्याचं चपटं, नाण्यासारखं फळ होतं, आत दोन बिया. पांढरा रंग आणि रात्रीचा वास हे सगळं अंधारात उडणाऱ्या पतंगांसाठी. उजाडता उजाडता ते काम संपतं, नळीच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि फूल सुटतं. म्हणजे लुंगीवर पडतं ते झाडाला आता नको असलेलं. आणि त्या नळीतला रंग? केशरात जे क्रोसेटिन असतं, तेच यात! पूर्वी रेशीम रंगवायला हे देठ वापरायचे. एवढी श्रीमंती, आणि दुपारी बारापर्यंत तिचा चिखल. साठवायची सोयच नाही. वाटून टाका, नाहीतर झाडून टाका.

शोक कसा चालतो यावर मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेलं म्हणणं मला पटतं. माणूस दुःखाच्या पायऱ्या एकेक करून उतरत नाही, तो हेलकावे खातो: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी समोरच्या कामाकडे. दोन्ही लागतं. लुंगी अंथरताना आई बाबांकडे असते, फाटकाशी आली की लोकांकडे. फुलांवर संशोधनही आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात जेनेट हॅविलंड-जोन्स यांच्या प्रयोगात, फुलं हातात पडताच बायकांच्या चेहऱ्यावर डोळ्यांपर्यंत पोचणारं खरं हसू आलं. पैसा फुलवाल्यांच्या संघटनेचा होता, तेव्हा जरा जपूनच. शिवाय ते घेणाऱ्याचं हसू मोजत होते. देणाऱ्याचं मी रोज बघतो.

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसणार नव्हत्या. शेजारी बसणार होत्या. आईने फुलांची वाटी भरून ठेवली आणि पहिल्यांदाच अडली: "माझ्या हातचे चालतील का त्यांना?" मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, पण ठराव कोल्हापूरकडे झाला आणि धास्ती प्रताप नगरात शिल्लक होती. शेजारच्या सूनबाईंनी काही उत्तर दिलं नाही. पदर पुढे धरला.

वाटी संध्याकाळी परत आली, आंबिलीने भरून. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. मग वाट्या फिरतच राहिल्या. कधी चमचाभर साखर, एकदा दोन सीताफळं. परवा मात्र एक वाटी आमची नसलेलीच आली, बुडाशी कुणाचं तरी नाव कोरलेलं, पुसट. ती कोणाची हे विचारत आई चार घरं हिंडली. परत यायला तिला दीड तास लागला.