स्पॅनिश शब्द आधी अंगात, मग वहीत!

स्पॅनिशच्या पहिल्याच तासाला फळाभर शब्द लिहून मुलांना उतरवून घ्यायला लावणं मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा मुलांना उभं करा. 'साल्ता' म्हणत स्वतः उडी मारा, 'तोका ला पुएर्ता' म्हणत दाराला हात लावा. थोड्याच फेऱ्यांत वर्ग नुसतं ऐकून हालचाल करायला लागतो, अर्थ सांगावा लागतच नाही.

या पद्धतीचं नाव 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स'. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी ती १९६०च्या दशकात विकसित केली. बाळ बोलण्याआधी कितीतरी दिवस ऐकून प्रतिसाद देतं, हा तिचा पाया. म्हणून सुरुवातीला मुलांवर बोलायची सक्ती नाही. पुढे कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी तिला गोष्टींची जोड दिली.

हालचालींसोबत गाणंही घ्या. गाण्याचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. शब्द एकटा येत नाही, लिंग सोबत घेऊन येतो. 'मानो' म्हणजे हात. शेवटी 'ओ' असूनही तो स्त्रीलिंगी, म्हणून 'ला मानो'. हात हलवत हेच गायलं की नियम वेगळा घोकावा लागत नाही. फक्त चाल नीट निवडा. 'काबेसा'मध्ये (डोकं) जोर 'बे'वर आहे, ठेकाही तिथेच पडायला हवा. नाहीतर चुकीचा उच्चार पक्का होतो.

'आशा', 'न्याय' असे शब्द हातवाऱ्यांनी शिकवायच्या फंदात पडू नका, तिथे गोष्टच बरी.

स्पॅनिश शिकवणाऱ्यांनो, पुढच्या तासाला पाच क्रियापदं घेऊन हे करून बघाच, आणि अनुभव जरूर कळवा!