उत्खननाचा एक दिवस

उत्खनन म्हटले की सर्वसामान्य मनासमोर मोहरांचा हंडा किंवा एखादी भग्न मूर्ती उभी राहते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला मात्र वस्तूपेक्षा ती वस्तू जेथे होती ती जागा अधिक मोलाची वाटते. असे का, हे सांगण्यासाठी मोठ्या शोधाची कथा नको. चरातील एक साधा दिवस पुरेसा आहे. माळव्यातील एका टेकाडावर एक चर माझ्याकडे सोपविलेला होता. तेथील कामाचा एक दिवस मी आपणांपुढे ठेवतो.

पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जमीन ती 'पांढरी', हा भेद आपल्या भाषेने शतकानुशतके जपला आहे. मातीचे घर पडते, त्याच जागी दुसरे उभे राहते. राख, शेण, भुसा, खापरे यांची भर पडत जाते आणि वस्तीची जागा हळूहळू उंच होते. आमचे टेकाड म्हणजे अशीच जुनी पांढरी होती.

चर खणावयाचा म्हणजे प्रथम खुंट्या ठोकून व दोरी बांधून चौरस आखावयाचे आणि दोन चौरसांमध्ये न खणलेला बांध राखावयाचा. ही शिस्तबद्ध पद्धत १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी आपल्याकडे रुजविली. बांधाचा उपयोग ये-जा करण्यापुरता नसतो. त्याच्या उभ्या कडेवर सर्व थर एकाखाली एक दिसतात. त्या कडेला आम्ही 'छेद' म्हणतो.

काम भल्या सकाळी सुरू होते, आणि त्याला केवळ उन्हाचा ताप हे कारण नाही. दवाने ओलसर झालेल्या मातीतील रंगभेद तिरप्या किरणांत स्पष्ट दिसतात. दुपारी सारे भुरकट होऊन जाते. कुदळीने माती सैल करावयाची, खोऱ्याने घमेल्यात भरावयाची, चाळून मग ढिगावर टाकावयाची. त्या दिवशी कुदळीचा आवाज बदलला. चोपलेल्या जमिनीवर घाव पडला की तो घट्ट येतो, आणि हा फरक आमच्याआधी गावातील मजुरांना कळतो. कुदळ बाजूला ठेवून आम्ही थापी, सुरी आणि ब्रश हाती घेतले.

तासाभरात सारवलेली जमीन उघडी झाली. तिच्यावर काळसर मातीची चार वर्तुळे कमानीसारख्या ओळीत होती. खांब केव्हाच कुजून गेले होते. त्यांच्या खळग्यांत नंतर भरलेली भुसभुशीत माती तेवढी उरली होती. या चार डागांवरून आम्हांस गोल झोपडीचा घेर कळला. बेफिकिरीने आणखी चार घाव घातले असते, तर ते घर कोणालाही न दिसता नाहीसे झाले असते.

त्याच जमिनीचा एक कोपरा वरच्या थरातून खणलेल्या खड्ड्याने कापला होता. अशा वेळी सावध राहावे लागते. खड्ड्याच्या तळाशी सापडलेले खापर झोपडीच्या जमिनीपेक्षा खोल असले, तरी ते तिच्यानंतरचे असते. म्हणून केवळ खोली मोजून काळ ठरत नाही. कोणता थर कोणत्या थराला कापतो, हे पाहावे लागते. आम्ही खड्ड्यातील माती प्रथम वेगळी काढली आणि तिच्यातील खापरांच्या पिशवीत वेगळी चिठ्ठी घातली. चुलीतील कोळसा हाताचा स्पर्श न होऊ देता सुरीने उचलला. कर्ब-१४ वरून वय काढण्याची पद्धत १९४९ मध्ये जगापुढे आली. त्यापूर्वी असा कोळसा मातीबरोबर सहज फेकला जात असे.

दुपारनंतर ओळंबा व मोजपट्टी घेऊन छेदाचे आणि जमिनीचे रेखाटन झाले. कंदिलाच्या उजेडात दिवसाची वही लिहिली. दुसऱ्या दिवशी, खालचा थर पाहण्यासाठी, ती झोपडीची जमीन आम्ही स्वतःच्या हातांनी खणून काढली.

सज्जनहो, या शास्त्राची खरी जबाबदारी येथेच आहे. रसायनशास्त्राचा प्रयोग पुन्हा करता येतो, उत्खनन पुन्हा करता येत नाही. खणलेला थर कायमचा जातो. उरते ती वही, रेखाटने आणि छापलेला अहवाल. महेश्वरसमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नावडातोडी येथे १९५२-५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने संयुक्त उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. सुब्बाराव आणि डॉ. शां. भा. देव यांचा त्यावरील अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ ते १९५९ मध्ये तेथे पुन्हा काम झाले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीतील गोल व चौकोनी घरे, गहू, तांदूळ, मसूर, मूग यांचे दाणे आजचा विद्यार्थी त्या पानांतून तपासू शकतो. ज्या उत्खननाचा अहवाल कधीच निघत नाही, ते उत्खनन आणि लूट यांत भावी पिढीच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही.

म्हणूनच टेकाडाचा काही भाग जाणूनबुजून न खणता ठेवावा लागतो. हरियाणातील राखीगढी येथील एका स्त्रीच्या अस्थींतून मिळालेल्या जनुकद्रव्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. असे काही शक्य होईल, याची व्हीलरांच्या पिढीला कल्पनाही नव्हती. आमच्यानंतरचे लोक आमच्याहून चांगले प्रश्न विचारतील. त्यांच्यासाठी माती शिल्लक हवी.

परंतु आज पांढऱ्या खणल्या जातात त्या बहुधा अभ्यासासाठी नव्हे. तेथील राखाडी माती खत म्हणून शेतात जाते, टेकाडे सपाट करून पिके घेतली जातात, घरे बांधली जातात. पोटासाठी राबणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. या शाळेचे विद्यार्थी गावोगाव पसरले आहेत. आपल्या गावच्या पांढरीवर नक्षीची खापरे दिसली, तर ती उकरू नका. जागा टिपून ठेवा, छायाचित्र घ्या आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. उत्खननाचा पहिला दिवस पुष्कळदा अशा एका पत्रानेच सुरू होतो.