ठिपक्यांमागचा पासवर्ड

कुंभार्ली घाट उतरला की पायथ्याशी पोफळी लागते. डोंगराच्या पोटातल्या इथल्या वीजगृहात 1962 पासून कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. पास दाखवल्याशिवाय तिथे कुणालाही आत सोडत नाहीत, आणि ही शिस्त कॉलनीतल्या लहान पोरांनाही ठाऊक असते. पण घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ई-मेलचा पासवर्ड म्हणजेही एक पासच, हे आम्हा कुणाच्या मनात आलं नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत मी इथल्या आणि चिपळूणच्या ओळखीच्या घरांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करत आलो. सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "पासवर्ड आत सेव्ह आहे, पण मला आठवत नाही. काढून देशील?"

सुरुवातीला विंडोज 98 आणि मेलसाठी आउटलुक एक्स्प्रेस असायचं. मोडेम किंचाळत जोडला जायचा, तोवर घरचा फोन बंद. जोडलेल्या प्रत्येक मिनिटाचं बिल लागे. म्हणून मेल उतरवून घ्यायचे, लाइन तोडायची, सावकाश वाचायचे, उत्तरं लिहून ठेवायची आणि पुन्हा एकदा जोडून पाठवायची. पासवर्ड टाइप करण्यात वेळ जाऊ नये म्हणून 'पासवर्ड लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली जायची. एकदा ती खूण झाली की पासवर्ड माणसाच्या डोक्यातून कायमचा जायचा. दीड-दोन वर्षांनी व्हायरस शिरला, कुणीतरी फॉरमॅट मारला की घरात धावाधाव सुरू.

तेव्हा मेल पासव्ह्यू नावाचा एक इवलासा प्रोग्राम मिळे. चालवला की क्षणात यादी समोर: खात्याचं नाव, सर्व्हर आणि पासवर्ड, ठिपके नसलेला, उघडा. एका निवृत्त काकांच्या घरी मी तो पहिल्यांदा चालवला. त्यांचा पासवर्ड नातीचं नाव आणि जन्मसाल असा होता. काका खूश झाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मला दहा सेकंदांत जे दिसलं, ते त्या खुर्चीवर बसणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. आउटलुक एक्स्प्रेस पासवर्ड विंडोजच्या एका राखीव कप्प्यात ठेवायचं. तो कप्पा विंडोजच्या लॉग-इनने बंद होई. पण लॉग-इन झालेलं असलं की कोणताही प्रोग्राम त्यात हात घालू शके. आणि लॉग-इनला पासवर्ड कुणाच्या घरी होता? अँटिव्हायरस अशा प्रोग्रामवर लाल इशारा देत, तो वावगा नव्हता. मेल उतरवून घेण्याच्या साध्या पीओपी जोडणीत तर पासवर्ड तारेतूनही पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडाच जात असे.

डिसेंबर 2004 मध्ये थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामची पहिली पक्की आवृत्ती आली आणि मी घरोघरी तीच घालू लागलो. तिच्यात सेव्ह केलेले पासवर्ड बघायला बाहेरचा प्रोग्रामही लागत नसे, सेटिंगमध्येच यादी होती. त्या यादीला कुलूप घालायची सोयही होती. पूर्वी मास्टर, आता प्रायमरी पासवर्ड म्हणतात तो. हे कुलूप मी कितीतरी जणांना घालून दिलं नाही, "रोज कोण टाइप करत बसणार" हे त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. ती माझी चूक होती.

दुसरी चूक 22 जुलै 2021 ला कळली. वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. एका ओळखीच्या दुकानदाराचा कॉम्प्युटर पूर्ण पाण्याखाली गेला. त्याच्या थंडरबर्डची प्रत मी आधी एका पेनड्राइव्हवर घेतली होती, आणि तो पेनड्राइव्ह पोफळीत, माझ्या घरी कोरडा होता. नव्या मशीनवर मेल सगळे आले, नऊ वर्षांची बिलं आणि पत्रव्यवहार. पासवर्ड एकही आला नाही. मी मेलचे फोल्डर आणि पासवर्डांची 'लॉगिन्स डॉट जेसन' ही फाइल घेतली होती. ती उघडणारी 'की फोर डॉट डीबी' राहून गेली होती. पहिल्या फाइलमध्ये पासवर्ड असतात, पण सांकेतिक. दुसरीत त्यांची किल्ली. एक असून दुसरी नसेल तर हातात फक्त अक्षरांचा गोंधळ उरतो. मेलसेवा देणाऱ्यांकडे अर्ज करून पासवर्ड बदलून घेण्यात त्याचे कितीतरी दिवस गेले, तेही दुकानातला चिखल उपसत असताना.

मे 2022 च्या अखेरीस गुगलने नुसत्या नाव-पासवर्डावर मेल उघडू देणाऱ्या जुन्या प्रोग्रामांवर बंदी घातली. आता थंडरबर्ड जीमेलसाठी गुगलचं पान उघडतं आणि पासवर्डाऐवजी परवान्याचं एक टोकन जपून ठेवतं. कॉम्प्युटर विकला किंवा चोरीला गेला तर तो परवाना गुगलच्या खात्यातून रद्द करता येतो. ही मोठी सोय झाली. पण टोकनही त्याच जुन्या यादीत बसतं, म्हणून कुलपाची गरज संपलेली नाही.

हे कुलूप फक्त पासवर्डांना लागतं, उतरवलेल्या मेलना नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि प्रायमरी पासवर्ड विसरलात तर तो कुणालाही काढून देता येत नाही. रीसेट केला की सेव्ह केलेले सगळे पासवर्ड पुसले जातात. म्हणून आज संध्याकाळी थंडरबर्डमध्ये प्रायमरी पासवर्ड लावा, तो कागदावर लिहा आणि कागद घराच्या कागदपत्रांबरोबर वरच्या मजल्यावर ठेवा. प्रत घेताना थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं अख्खं फोल्डर उचला, निवडक फाइली नकोत. चिपळूणकरांनी तर ही प्रत पावसाळ्याआधीच घ्यावी.