खडकाचा श्वास आणि घराची हवा

अमेरिकेच्या पूर्व भागात, पेनसिल्व्हेनियातील रीडिंग शहरापासून निघून न्यू जर्सीचा वायव्य भाग आणि न्यूयॉर्क राज्याचा दक्षिण भाग ओलांडत कनेक्टिकटपर्यंत पोचणारा प्राचीन खडकांचा एक चिंचोळा डोंगराळ पट्टा आहे, ज्याला भूवैज्ञानिक ‘रीडिंग प्राँग’ म्हणतात. या पट्ट्यातील ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म, म्हणजे प्रचंड दाब व उष्णतेने रूप पालटून अंगावर पट्टे उमटलेले खडक, एक अब्ज वर्षांहून अधिक जुने आहेत आणि त्यांत ठिकठिकाणी युरेनियमचे प्रमाण सर्वसाधारण खडकांपेक्षा जास्त आढळते. १९८४ च्या अखेरीपर्यंत ही बाब मुख्यतः भूवैज्ञानिकांच्या आस्थेची होती. त्यानंतर मात्र घरात शिरणाऱ्या रेडॉन वायूच्या चर्चेशी या पट्ट्याचे नाव कायमचे जोडले गेले.

रेडॉन हा रंग, वास आणि चव नसलेला, हवेपेक्षा सुमारे साडेसात पट जड असा निष्क्रिय वायू आहे. खडकातील युरेनियम अत्यंत मंद गतीने क्षय पावत जाते. त्याच्या निम्म्या अणूंचा क्षय व्हायला सुमारे साडेचार अब्ज वर्षे लागतात, आणि या कालावधीला अर्धायुष्य म्हणतात. क्षयाच्या साखळीत पुढे रेडियम येते, त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असते आणि रेडियमच्या क्षयातून रेडॉन जन्मतो. साखळीतील आधीची सर्व मूलद्रव्ये घन असल्याने खडकातच अडकून राहतात; रेडॉन वायुरूप असल्यामुळे त्याला बाहेर पडण्याची वाट मिळते, पण त्याचे अर्धायुष्य अवघे ३.८ दिवसांचे असल्याने ही वाट त्याला लवकर कापावी लागते. म्हणूनच खडकात युरेनियम किती आहे, याइतकेच महत्त्व खडक किती भेगाळलेला आहे आणि वरची माती किती सच्छिद्र आहे, या गोष्टींना असते. ज्या ठिकाणी भूकवचाच्या हालचालींत खडक घासला जाऊन चुरला गेला आहे, तिथे त्याच्या कणांचा पृष्ठभाग वाढतो आणि वायूला निसटणे सोपे जाते. अशा काही चुरलेल्या पट्ट्यांत युरेनियमही अधिक साचलेले असते.

मोकळ्या हवेत आलेला रेडॉन वाऱ्याबरोबर विरून जातो आणि नगण्य ठरतो. प्रश्न उभा राहतो तो घरामुळे. थंड प्रदेशातील घर हिवाळ्यात आतून तापवलेले असते, ऊन हवा वर चढून छताकडच्या फटींतून बाहेर पडते आणि त्यामुळे तळमजल्यावरील हवेचा दाब जमिनीतील हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो. हा फरक अतिशय अल्प असला तरी सतत टिकणारा असतो, आणि त्याच्या जोरावर घर आपल्या पायाखालच्या मातीतील हवा लादीच्या भेगा, नळांभोवतीच्या फटी आणि झिरपणारे पाणी गोळा करण्यासाठी तळघरात केलेले खड्डे यांतून आत ओढत राहते. पेनसिल्व्हेनियात आणि न्यू जर्सीत बहुतेक घरांना तळघरे असतात, थंडीत खिडक्या बंद असतात, आणि म्हणून हिवाळ्यात या घरांतील रेडॉन सहसा वाढतो. विहिरीच्या पाण्यात विरघळलेला रेडॉनही अंघोळीच्या वा धुण्याच्या वेळी हवेत उतरतो, तथापि बहुतेक घरांत मातीतून येणारा वाटाच मोठा असतो.

श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. अपाय होतो तो त्याच्या क्षयातून तयार होणाऱ्या पोलोनियमसारख्या अल्पायुषी मूलद्रव्यांमुळे. ही मूलद्रव्ये घन असल्याने हवेतील धूलिकणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच आल्फा कण बाहेर टाकतात. आल्फा कण त्वचेच्या मृत थराने अडवला जातो, परंतु फुफ्फुसाच्या आतील नाजूक पेशींना असे कवच नसते, त्यामुळे त्यांच्यातील जनुकीय द्रव्याला इजा पोचू शकते. जर्मनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांना होणारा प्राणघातक छातीचा विकार शतकानुशतके माहीत होता. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी तो फुफ्फुसाचा घातक अर्बुदविकार असल्याचे दाखवले, आणि त्यामागे खाणीतील रेडॉन असल्याचे विसाव्या शतकात स्पष्ट होत गेले. तरीही दीर्घकाळ रेडॉनकडे खाणीतला धोका म्हणूनच पाहिले गेले. घरांचा विचार झाला तरी तो युरेनियमच्या कारखान्यातील टाकाऊ गाळ पायाभरणीत वापरलेल्या घरांसारख्या, मानवी चुकीतून उद्भवलेल्या प्रकरणांपुरता बहुतांशी मर्यादित राहिला.

या समजुतीला धक्का बसला तो डिसेंबर १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथे उभारल्या जात असलेल्या अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते काम करीत होते आणि बाहेर पडताना किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रांवर त्यांच्यामुळे वारंवार धोक्याचा इशारा वाजत असे, वास्तविक केंद्रातून वीजनिर्मिती अद्याप सुरूही झाली नव्हती. केंद्रात शिरतानाच त्यांनी तपासणी करून घेतली तेव्हाही इशारा वाजला आणि किरणोत्सर्ग घरून येत असल्याचे उघड झाले. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात रेडॉनचे प्रमाण दर लिटर हवेमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी, म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे एक लाख बेकरेल भरले. बेकरेल हे दर सेकंदाला होणाऱ्या एका अणुक्षयाचे एकक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढे घरासाठी उपाययोजनेची जी मर्यादा ठरवली ती ४ पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेकरेल एवढी आहे. कुटुंबाला घर सोडावे लागले, घराच्या दुरुस्तीला काही महिने लागले आणि त्यानंतर ते परत राहायला आले.

यानंतर पेनसिल्व्हेनिया राज्याने परिसरातील हजारो घरे तपासली, आणि त्या तपासणीने प्रादेशिक धोक्याची कल्पनाच बदलली. रीडिंग प्राँगवर उच्च पातळीची घरे खरोखरच मोठ्या संख्येने होती, परंतु एका घरात अतिशय जास्त रेडॉन असताना जवळच्याच दुसऱ्या घरात तो साधारण असल्याचेही दिसून आले. खडकाचा चुरलेला पट्टा एका अंगणाखालून जाऊन दुसऱ्याला टाळू शकतो, आणि एकाच खडकावरील दोन घरांच्या पायातील भेगाही सारख्या नसतात. दुसऱ्या बाजूला, न्यू जर्सीतील क्लिंटन येथे १९८६ मध्ये ज्या वसाहतीत अतिउच्च पातळ्या सापडल्या तिच्याखाली चुनखडीच्या कुळातील खडक होता, त्यामुळे ग्रॅनाइट नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हेही कळले. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने घरातील रेडॉनविषयी स्वतंत्र कायदा केला आणि १९९३ मध्ये देशातील परगण्यांची तीन विभागांत वर्गवारी करणारा नकाशा प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीत या नकाशावर वायव्येकडील हंटरडन, वॉरन, ससेक्स आणि मॉरिस हे परगणे सर्वाधिक शक्यतेच्या विभागात, तर दक्षिण किनाऱ्यालगतचे वाळूचे परगणे सर्वांत कमी शक्यतेच्या विभागात मोडतात. सरकारी धोरण आखण्यासाठी असा नकाशा उपयोगी पडतो, पण एखाद्या घरातला रेडॉन त्यावरून ठरवता येत नाही, आणि म्हणून विभाग कोणताही असला तरी घराची चाचणी करावी, असाच पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे.

धोक्याचे माप समजून घेताना धूम्रपान वगळता येत नाही. युरोपातील तेरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानुसार दीर्घकाळच्या रेडॉनमध्ये दर घनमीटरमागे १०० बेकरेलची वाढ झाल्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात होत असल्याने, मूळ धोका मोठा असलेल्या धूम्रपानकर्त्यांना तिचा फटका अधिक बसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार ४ पिकोक्युरीच्या पातळीत आयुष्य काढणाऱ्या एक हजार धूम्रपानकर्त्यांपैकी सुमारे ६२ जणांना, तर कधीही धूम्रपान न केलेल्या एक हजारांपैकी सुमारे ७ जणांना हा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनशी निगडित असल्याचा तिचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकरेलची संदर्भ पातळी सुचवली आणि ती पाळणे शक्य नसेल तिथे ३०० च्या पुढे जाऊ नये, असे म्हटले.

चाचणी साधी आणि स्वस्त असते. कोळशाची छोटी डबी काही दिवस घराच्या सर्वांत खालच्या वापरातील मजल्यावर ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतात. त्या काळात आणि त्याआधी किमान बारा तास दारे-खिडक्या बंद ठेवणे आवश्यक असते. रेडॉनची पातळी ऋतुमानानुसार बदलत असल्याने, आल्फा कणांचे व्रण टिपणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर तीन महिने ते वर्षभर चालणारी चाचणी अधिक विश्वसनीय मानली जाते. उपायही घर मातीतील हवा ओढते त्याच तत्त्वावर आधारलेला आहे: तळघराच्या लादीला भोक पाडून खालच्या खडीत नळ सोडायचा, त्याला पंखा जोडायचा आणि मातीतील हवा घरात शिरण्याआधीच खेचून छताच्या वर नेऊन सोडायची. केवळ भेगा बुजवल्याने हे साधत नाही, कारण बांधकाम हलत राहते आणि नव्या फटी पडत राहतात.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घर विकत घेताना अनेकदा रेडॉनच्या चाचणीचा अहवाल हाताळावा लागतो, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला तो शब्द अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापलेला असून बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ कमी असते. शिवाय इथल्या घरांना तळघरे क्वचितच असतात आणि खिडक्या वर्षातील बराच काळ उघड्या राहतात. पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गाच्या काही भागांत मात्र बेसाल्टऐवजी ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळतात, त्यामुळे संपूर्ण राज्याला एकच निष्कर्ष लावणे योग्य ठरत नाही. बॉयरटाउनच्या तपासणीने शिकवलेली गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडते: भूगर्भाचा नकाशा शक्यता सांगतो, आणि एखाद्या खोलीतल्या हवेत काय आहे हे त्या खोलीत काही दिवस ठेवलेली डबीच सांगू शकते.